मदत हवी आहे: सात थर तोंडपाठ, पण पॅकेट कुणाच्या हाती जातं ते सांगता येत नाही

कोरी पाटी

नमस्कार मंडळी,

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला 'कॉम्प्युटर नेटवर्क' हा विषय यंदा पहिल्यांदाच शिकवते आहे. निम्मं सत्र संपलं. नेटवर्कचं काम थरांत वाटून दाखवणाऱ्या ओएसआय या मॉडेलचे सात थर, इंटरनेट ज्यावर चालतं त्या टीसीपी-आयपीचे चार, प्रत्येकाची कामं, हेडरच्या (पॅकेटच्या सुरुवातीला जोडलेल्या माहितीच्या) आकृत्या, सगळं क्रमाने घेतलं. मुलंही बरी आहेत, वर्गात झोपत नाहीत.

मागच्या आठवड्यात सहज एक छोटी चाचणी घेतली. प्रश्न एकच होता. तुमच्या लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१.२३, मास्क /२४ (म्हणजे पत्त्याचे पहिले २४ बिट नेटवर्कचे), गेटवे (बाहेर जायचा राउटर) १९२.१६८.१.१. तुम्ही दूरच्या नेटवर्कमधल्या एका सर्व्हरला पॅकेट पाठवता. लॅपटॉपमधून बाहेर पडणाऱ्या फ्रेममध्ये (पॅकेट ज्यात घालून तारेवर जातं त्या पाकिटात) 'कुणाकडे' या जागी कोणता आयपी पत्ता आणि कोणता मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) असेल?

आयपी सगळ्यांनी बरोबर लिहिला. मॅक मात्र जवळजवळ सगळ्या वर्गाने सर्व्हरचा लिहिला! याच मुलांना 'डेटा लिंक थराचं कार्य लिहा' (मॅक पत्ता याच थरातला) म्हटलं असतं तर पानभर उत्तर आलं असतं. म्हणजे मी दोन महिने पोपटपंची करून घेतली असा त्याचा अर्थ.

आता सहा आठवडे उरले आहेत. अभ्यासक्रम बदलायचा अधिकार मला नाही, पण शिकवण्याचा क्रम आणि प्रात्यक्षिकं माझ्या हातात आहेत. कुठून सुरुवात करू? अडचण अशी की प्रयोगशाळेत मुलांच्या खात्यांना अॅडमिनचे हक्क नाहीत, त्यामुळे वायरशार्कवर (पॅकेट पकडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) स्वतः पॅकेट पकडता येत नाहीत.

---

खडूची धूळ

धागा आवडला. तुमचा प्रश्न फार चांगला आहे, तो टाकून देऊ नका. बरीच वर्षं शिकवून मी याच एका प्रश्नाशी येऊन थांबलो आहे: पत्ते दोन का?

मुलांच्या डोक्यात थर म्हणजे कप्पे असतात. वरच्या कप्प्यातून सामान खालच्या कप्प्यात, तिथून तारेवर, पलीकडे पुन्हा वर. या चित्रात मधला राउटर कुठेच नाही. त्यामुळे फ्रेम ही इथून थेट सर्व्हरपर्यंत जाणारी वस्तू वाटते आणि मॅक सर्व्हरचाच लिहिला जातो. आकृतीतून बघितलं तर मुलांचं उत्तर तर्काला धरूनच आहे. चूक आकृतीची.

सात थरांची चादर जरा बाजूला ठेवा. तीन यंत्रं काढा: लॅपटॉप, राउटर, सर्व्हर. फळ्यावर दोन तारा. पहिल्या तारेवरची फ्रेम लॅपटॉपकडून राउटरकडे, दुसऱ्या तारेवरची फ्रेम राउटरकडून सर्व्हरकडे. दोन वेगळ्या फ्रेम. आतलं पॅकेट मात्र तेच, फक्त टीटीएल (अजून किती राउटर ओलांडता येतील तो आकडा) एकने कमी झालेला. राउटर जुनी फ्रेम फोडून फेकतो आणि नवी बांधतो, हे वाक्य मुलांच्या तोंडून येईपर्यंत पुढे सरकू नका.

आणि हो, पुढे सरकायचंच झालं तर मास्ककडे. आपण सबनेटिंग हे गणिताचं प्रकरण करून टाकलंय. /२६ मध्ये किती यंत्रं, ६४ वजा २ बरोबर ६२, झालं. पण मास्क असतो कशासाठी? लॅपटॉपला दर पॅकेटमागे एकच निर्णय घ्यायचा असतो: समोरचा माझ्याच तारेवर आहे की बाहेर? आतला असेल तर त्याचा मॅक विचारायचा, बाहेरचा असेल तर गेटवेचा.

---

तळटीप

वरच्या प्रतिसादाशी सहमत. दोन गोष्टी जोडतो.

'आतलं पॅकेट तेच' हे नॅट (राउटरने आतल्या यंत्राच्या पत्त्याजागी आपला लावणं) नसेल तेव्हाच खरं. घरच्या राउटरमागून निघालेल्या पॅकेटचा 'कुणाकडून' हा आयपी पत्ता वाटेत बदलतो. हे पहिल्या दिवशी सांगू नका, गोंधळ होईल; पण 'आयपी कधीच बदलत नाही' असंही फळ्यावर लिहू नका. मुलं ते वहीत उतरवतात आणि मग ते आयुष्यभर पुसता येत नाही.

दुसरं, चाचणीत सर्व्हरला २०३.०.११३.५ असा पत्ता द्या. तो पट्टा २०१० च्या आरएफसी ५७३७ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे दस्तऐवज) नुसार उदाहरणांसाठीच राखून ठेवलेला आहे. उगाच कुणाच्या खऱ्या यंत्राचा पत्ता प्रश्नपत्रिकेत नको.

अवांतर: ओएसआय आधी आलं आणि त्यावरून इंटरनेट बांधलं असं अनेकांना वाटतं. ओएसआयचं मॉडेल प्रमाण म्हणून १९८४ साली प्रसिद्ध झालं. इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं अर्पानेट त्याआधीच, १ जानेवारी १९८३ ला, टीसीपी-आयपीवर गेलेलं होतं. सात थर हे बोलण्यासाठी सोयीची भाषा आहे, यंत्राचा नकाशा नव्हे.

---

रात्रपाळी

शिकवण्यातलं मला कळत नाही, मी नेटवर्क सांभाळतो. नोकरीला नवीन आलेल्या पोरांची गत मात्र तुम्ही म्हणता तशीच असते, त्यामुळे अनुभवाचे बोल.

अॅडमिनचे हक्क पॅकेट पकडायला लागतात, पकडलेली फाईल उघडायला नाही. तुमच्या यंत्रावर पकडा, फाईल वाटून टाका.

पण थेट फाईल दाखवू नका. स्क्रीनवर सगळं रंगीबेरंगी दिसतं, पोरं 'हो हो' म्हणतात आणि काही उरत नाही. आधी कागद द्या. 'मी आता २०३.०.११३.५ ला पिंग करणार आहे, म्हणजे 'आहेस का?' असं विचारणारं पॅकेट पाठवणार आहे. तारेवर पहिली फ्रेम कोणती जाईल? दुसरी कोणती? त्यांतले चारही पत्ते लिहा.' कागद गोळा करा. मगच पिंग करा. तिकडून उत्तर येणार नाही, पण तुमच्या यंत्रातून फ्रेम तर बाहेर पडेलच, आणि आपल्याला तेवढीच बघायची आहे.

एक खबरदारी: आधी एआरपीची (आयपीवरून मॅक विचारून घ्यायच्या पद्धतीची) साठवण रिकामी करा. नाहीतर गेटवेचा मॅक यंत्राला आधीच माहीत असतो, एआरपीची विचारणा दिसतच नाही आणि भर वर्गात तुमची फजिती होते.

यानंतर माझा आवडता खेळ. एकाच स्विचला तारेने जोडलेली दोन यंत्रं घ्या. एकाकडून दुसऱ्याकडे यूडीपीने (पोच न मागता पाठवायच्या साध्या पद्धतीने) एकच अक्षर पाठवा. फ्रेम किती बाइटची होईल ते पोरांना मांडायला लावा. इथरनेट १४, आयपी २०, यूडीपी ८, अक्षर १. बेरीज ४३. पाठवणाऱ्या यंत्रावर वायरशार्क ४३ दाखवतो. पोरं खूश. आता घेणाऱ्या यंत्रावर बघा: ६०!

तिथे वर्गात जी शांतता पसरते ती ऐकण्यासारखी असते. मधले १७ बाइट कुठून आले? इथरनेटची फ्रेम किमान ६४ बाइटची लागते. त्यातले शेवटचे ४ तपासणीचे असतात आणि ते सहसा वायरशार्कपर्यंत पोचत नाहीत, म्हणून उरतात ६०. कमी पडलेली जागा पाठवणाऱ्याचं कार्ड भरून काढतं, पण वायरशार्कने त्याआधीच नोंद घेतलेली असते. एका अक्षराने तीन थर, किमान मर्यादा आणि 'पकडलं म्हणजे कुठे पकडलं' हे सगळं निघतं. हे एकाच यंत्रावर लूपबॅकने (यंत्राने स्वतःलाच पाठवून) करू नका, तिथे खरी तारच नसते.

---

मागचा बाक

मी दोन वर्षांपूर्वी हा विषय दिलेला विद्यार्थी. खरं सांगू का, आम्हाला काय कळलं नाही हेही आम्हाला कळलेलं नसतं. सात थर पाठ झाले की विषय आला असंच वाटतं, आणि तोंडी परीक्षेतही तेच विचारतात.

माझी ट्यूब पेटली ती एका गणितावर. १५०० बाइट म्हणजे १२,००० बिट. १० एमबीपीएसच्या जोडणीवर ते तारेवर चढवायला १.२ मिलीसेकंद. १००० किमी फायबरमधून जायला साधारण ५ मिलीसेकंद, कारण काचेत प्रकाश सेकंदाला जवळपास २ लाख किमी जातो. आता जोडणी १ जीबीपीएसची करा: चढवायचा वेळ १२ मायक्रोसेकंदांवर येतो, प्रवासाचे ५ मिलीसेकंद तसेच राहतात. तोवर मी 'स्पीड' आणि 'उशीर' एकच समजत होतो.

---

खडूची धूळ

@मागचा बाक, हे बहुतेकांना नोकरी लागल्यावर कळतं.

टीसीपीला (पोच घेऊन, हरवलेलं पुन्हा पाठवणाऱ्या पद्धतीला) आलात की एक गोष्ट सांगा, पोरं विसरत नाहीत. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यामधली जोडणी ३२ हजार बिट प्रतिसेकंदावरून ४० बिट प्रतिसेकंदावर कोसळली. हजार नाही, नुसते ४०. अंतर जेमतेम ४०० यार्ड. पॅकेट हरवली की सगळे पुन्हा पाठवत होते, त्याने गर्दी वाढत होती, म्हणून आणखी हरवत होती. त्याच्या मागे लागून व्हॅन जेकबसन यांनी टीसीपीत जे बदल सुचवले त्यातच स्लो स्टार्ट (थोडं पाठवून सुरुवात करायची आणि मग वाढवत न्यायचं) आला. ही गोष्ट आधी आणि टीसीपीचा वेग चढता-पडता दाखवणारा करवतीच्या दात्यांसारखा तो आलेख नंतर.

---

कोरी पाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दोन तास याच्यावरच घातले, कळवते.

कागद दिले. पुन्हा निम्म्यांनी सर्व्हरचाच मॅक लिहिला (मी तीन यंत्रांची आकृती मुद्दाम आधी काढली नव्हती). एआरपीची साठवण रिकामी करून पिंग केलं. पहिली फ्रेम आली, 'कुणाकडे' मध्ये सगळी एफ-एफ, म्हणजे तारेवरच्या सगळ्यांना. दुसरी गेटवेचं उत्तर. तिसऱ्या फ्रेममध्ये आयपी सर्व्हरचा आणि मॅक गेटवेचा. वर्गात गलका. मग मागून एका मुलीने विचारलं, 'पण मॅडम, सर्व्हरचा मॅक लॅपटॉपला कळणार तरी कसा? विचारायला तर तो या तारेवरच नाही.' मी उत्तर दिलं नाही, खडू तिच्या हातात दिला. तीन यंत्रं तिनेच काढली.

४३ आणि ६० चा खेळ पुढच्या तासाला. त्यानंतर मास्कचं काहीतरी 'आधी लिहा, मग बघा' पद्धतीचं करायचं आहे. सुचतंय का कुणाला?

---

रात्रपाळी

एक चुकीचा मास्क मुद्दाम लावा. पहिलं यंत्र १९२.१६८.१.१०, मास्क /२४. दुसरं १९२.१६८.१.२००, पण मास्क /२५. राउटर १९२.१६८.१.२५४, मास्क /२४, दोघांचाही गेटवे तोच. पहिल्यावरून दुसऱ्याला पिंग. चालेल का?

पोरं भांडतील. चालतं! पहिल्याला दुसरा आतला वाटतो, म्हणून तो थेट पाठवतो. दुसऱ्याला पहिला बाहेरचा वाटतो, म्हणून उत्तर राउटरच्या हाती देतो. पहिल्याकडे पोचलेल्या उत्तराच्या फ्रेममध्ये 'कुणाकडून' हा मॅक राउटरचा सापडेल. मग राउटर बंद करा: विनंती पोचते, उत्तर येत नाही. अशी तक्रार मला वर्षातून दोनदा तरी येतेच, 'काल चालत होतं' म्हणून.

---

कोरी पाटी

हे करणारच! राउटर म्हणून एक जुनं लिनक्सचं यंत्र वापरलं तर चालेल ना? त्याला नेटवर्कचं कार्ड एकच आहे.

---

रात्रपाळी

एकच पुरे, तिघंही एकाच स्विचवर आहेत. फक्त त्या यंत्रावर आयपी फॉरवर्डिंग (दुसऱ्यासाठी आलेली पॅकेट पुढे पाठवणं) चालू करायला विसरू नका. मी विसरलो होतो, अर्धा तास केबली बदलत बसलो.