‘भामटा’, ‘चांभारचौकशी’, ‘च्यायला’: रोजच्या बोलण्यातलं काय सोडायचं?

धागाकर्ती:
‘लाखोंचा गंडा घालून भामटा पसार.’ असे मथळे आपण सगळेच वाचतो. ऑनलाइन फसवणूक असो की एटीएमची, चोरटा सापडेपर्यंत तो भामटाच असतो. हाच शब्द राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. ‘भामटा’ ही एक नोंद आणि ‘राजपूत भामटा’ ही दुसरी. अकरावीच्या प्रवेशासाठी एखादी मुलगी जातीचा दाखला काढते. त्यावर जे छापलेलं असतं, तेच पेपरात चोराला म्हटलेलं असतं आणि वर्गातली मुलं दोन्ही वाचतात.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. अशा जमातीत जन्माला आलं की गुन्हेगार, पोलिसांकडे हजेरी, सेटलमेंटमध्ये म्हणजे पहाऱ्यातल्या वसाहतीत कोंडणं. सोलापूरची सेटलमेंट त्यातलीच. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा देशभरातून गेला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. माझं म्हणणं एवढंच आहे की बातमीतून हा शब्द जायला हवा. ‘चांभारचौकशी’ही जायला हवी. तुम्हाला काय वाटतं?

पुणेरी वाचक:
अजिबात पटलं नाही. भामटा म्हणजे लबाड, हा अर्थ कोशात आहे, लोकांच्या तोंडी आहे. तो जमातीवरून आला की जमातीलाच हे नाव त्या शब्दावरून पडलं, हे आधी ठरवा. बोलणाऱ्याच्या मनात जात नसेल तर अपमान कुठून आला? असं खणत बसलात तर निम्मी भाषा बाद होईल. ‘च्यायला’चं मूळ आईवरच्या शिवीत आहे, मग तेही सोडायचं का? बस चुकली की माझ्या तोंडून तेच येतं, आणि त्यात कुणाचीही आई नसते.

धागाकर्ती:
शब्द आधी की जमात आधी, याने त्या मुलीला काय फरक पडतो? दाखला आज तिच्या हातात आहे. ‘च्यायला’ बस चुकल्यावर निघतं, समोरच्या कुणाचं ते नाव नाही. ‘भामटा’ हे नाव आहे. माझ्या लेखी सगळा फरक इथे आहे.

तळकोकण:
आमच्याकडे आजी नातवाला ‘मेल्या’, ‘रांडेच्या’ म्हणत जेवायला वाढते. शहरातला पाहुणा दचकतो, पोराला मात्र लाड कळतात. कोण कुणाला कुठल्या सुरात म्हणतं ते बघा, नुसतं मूळ धरून बसू नका. पण एक सांगते, मुंबईत ‘घाटी’ ऐकून माझे सातारचे सासरे गिरणीत अख्खी नोकरी गप्प राहिले. तो सूर लाडाचा नव्हता. म्हणून धागाकर्तीचं मला अर्धं पटतं.

पुणेरी वाचक:
म्हणजे सूरच महत्त्वाचा, माझंही तेच म्हणणं आहे.

तळकोकण:
नाही. आजीला तसं बोलण्याचा हक्क नातवाने दिलेला असतो. सासऱ्यांनी कुणालाच दिला नव्हता.

विमुक्त, मराठवाडा:
मी त्याच यादीतल्या एका जमातीचा. शाळेत काही हरवलं की आधी माझं दप्तर उघडलं जायचं, म्हणून धागाकर्तीचे आभार. पण थोडं सावध राहा. २०२३ मध्ये ‘राजपूत भामटा’मधून ‘भामटा’ वगळण्याची मागणी पुढे आली, तेव्हा विरोध आमच्याच संघटनांनी केला. शब्द गेला की इतर राजपूतही त्याच सवलतीत शिरतील, ही भीती होती. ज्या शब्दाने मार खाल्ला, त्याच शब्दाने शिष्यवृत्ती मिळते. दाखल्यावरचा शब्द राहू द्या. मथळ्यातला काढा.

बातमीदार:
डेस्कवर बसणाऱ्याची अडचण सांगतो. मथळ्याला जागा तीन-चार शब्दांची. ‘भामटा’ छोटा आहे आणि वाचणाऱ्याला लगेच कळतो. ‘ठग’ लिहिलं तर उद्या कुणी त्याचंही मूळ काढेल.

धागाकर्ती:
‘ठग’ कुणाच्या जातीच्या दाखल्यावर नाही. आणि ‘चोरटा’ तर तेवढाच छोटा आहे, तुम्ही रोज छापताच. ‘चांभारचौकशी’लाही ‘नसती उठाठेव’ आहे, ‘भोचकपणा’ आहे, दोन्ही अस्सल मराठी. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. वर्षानुवर्षांचे पत्ते बदलता येतात, तर मथळ्यातला एक शब्द का नाही?

पुणेरी वाचक:
वस्तीचं नाव सरकारी कागदावरचं असतं, बोली माणसांची असते. बोलीवर निर्णय लादला की ती कृत्रिम होते, या मतावर मी ठाम आहे. बातमीपुरतं मात्र तुमचं मान्य. तिथे ‘चोरटा’ लिहिल्याने काही बिघडत नाही.

बातमीदार:
आमच्या पानापुरतं उद्याच्या बैठकीत मांडतो. बाकीच्या आवृत्त्यांचं सांगू शकत नाही.