पाळणाघरातील खाण्याचे पैसे शुल्कातच धरावेत की वेगळे घ्यावेत?

पाचजणांची मावशी (प्रश्न)

गेली दोन वर्षे मी घरीच पाळणाघर चालवते. सध्या माझ्याकडे पाच मुले आहेत. त्यांपैकी तीन दिवसभर असतात, एक दुपारचे जेवण झाले की घरी जाते आणि सर्वांत मोठा शाळा सुटल्यावर येऊन फक्त संध्याकाळचे खाणे खातो. सुरुवातीला हाताशी दोनच मुले होती, त्यामुळे खाण्याचा खर्च मी शुल्कातच धरला आणि त्याचा वेगळा हिशेब कधी ठेवला नाही. मागच्या महिन्यात प्रथमच वही घेऊन बसले, तेव्हा मिळणाऱ्या शुल्काचा जवळजवळ चौथा भाग दूध, फळे आणि किराणा यांवरच जातो असे दिसले.

वेगळे पैसे मागायला जीभ रेटत नाही, ही माझी खरी अडचण आहे. एका मुलाला घरून काहीच न खाता सोडले जाते आणि "सकाळचे तेवढे तुमच्याकडेच द्या" असे जाता जाता सांगितले जाते. दुसऱ्या मुलीचा डबा घरून येतो, पण ती इतरांच्या ताटातलेच मागते आणि डबा जसाच्या तसा परत जातो. त्यात एका वडिलांनी मुलाच्या आठ दिवसांच्या खाड्याचे खाण्याचे पैसे कापून मागितले. मी भिडेखातर हो म्हणून बसले आणि आता दुसरे पालकही तेच विचारू लागले आहेत. आपण सर्वजणी हे कसे हाताळता? जुन्या पालकांना न दुखावता नवी पद्धत कशी सांगावी?

अकरा वर्षे पाळणाघर

ताई, दोन्ही पद्धती चालतात आणि मी दोन्ही वापरून पाहिल्या आहेत. सर्व मुले सारखाच वेळ थांबत असतील आणि सारखेच खात असतील, तर शुल्कात धरणे सोयीचे पडते, कारण दर महिन्याला तोच आकडा आणि तीच पावती. तुमच्याकडे मात्र दिवसभराची मुले आणि संध्याकाळी तासाभरासाठी येणारा मुलगा अशी सरमिसळ आहे. तेथे एकच शुल्क ठेवले, तर कमी खाणाऱ्याचे पालक जास्त खाणाऱ्याचा खर्च भरतात आणि हे आज ना उद्या कोणाच्या तरी लक्षात येतेच.

मी हिश्शांनी हिशेब करते. दुपारच्या जेवणाचे ३ हिस्से आणि मधल्या वेळच्या खाण्याचा १ हिस्सा. तुमच्या दिवसभराच्या प्रत्येक मुलाचे सकाळचे खाणे, जेवण आणि संध्याकाळचे खाणे मिळून ५ हिस्से होतात, म्हणजे तिघांचे १५. दुपारी घरी जाणाऱ्याचे ४ आणि शाळेतून येणाऱ्याचा १. एकूण दिवसाला २० हिस्से झाले आणि महिन्यात २२ दिवस काम असेल तर ४४० झाले. खाण्याच्या जिन्नसांचा महिन्याचा एकूण खर्च ४४० ने भागला की एका हिश्शाची किंमत हाती येते. तीन महिन्यांची सरासरी घ्यावी, कारण एकाच महिन्यात तेल आणि धान्य भरले तर तो आकडा फसवा निघतो. नासाडी आणि भाववाढ यांसाठी वर दहावा भाग धरावा.

वयानुसार मी भेद करत नाही. दीड वर्षाचे मूल कमी खाते हे खरे, पण सांडते त्याहून अधिक. सहा महिन्यांपर्यंतचे बाळ फक्त घरून आलेले दूध पीत असते, त्याचे मात्र काहीच घेत नाही.

स्वयंपाकाची मेहनत खाण्याच्या पैशांत घालू नका, ती मूळ शुल्कात राहू द्या. दोघांसाठी रांधा किंवा पाचांसाठी, चुलीपुढचा वेळ फारसा बदलत नाही आणि तो हिश्शांत वाटायला गेले की वाद होतात.

खाड्यांबद्दल एक साधा नियम ठेवावा. सलग पाच किंवा अधिक दिवस मूल येणार नसेल आणि ते आठवडाभर आधी कळवले असेल, तरच त्या दिवसांचे हिस्से कापावेत. मूळ शुल्क कापू नये, कारण त्या मुलाची जागा तुम्ही राखलेली असते. सकाळी नऊ वाजता "आज येत नाही" असा निरोप आला, तर तोवर भाज्या चिरून झालेल्या असतात.

दोन मुलींची आई

मी पालकाच्या बाजूने लिहिते. पैसे मागितले म्हणून मला कधी वाईट वाटले नाही, वाईट वाटले ते मागण्याच्या रीतीचे. आमच्या आधीच्या पाळणाघरात संध्याकाळी दारातच, मुलगी माझ्या कडेवर असताना, "आज तिने दोन केळी खाल्ली" असे सांगून त्याचे पैसे वेगळे मागितले जात. मुलगी तेव्हा साडेतीन वर्षांची होती. काही दिवसांनी तिने घरी केळे मागताना "याचे पैसे पडतात का?" असे विचारले. पुढच्याच महिन्यात आम्ही पाळणाघर बदलले.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे की पावतीवर खाण्याची एकच ओळ असावी, जिन्नसांची यादी नसावी आणि हा विषय मुलांसमोर मुळीच निघू नये. आठवड्याला काय शिजणार हे शनिवारी कळले, तर तेच संध्याकाळी घरी पुन्हा होत नाही आणि आपण कशाचे पैसे भरतो हेही समजते. मुलाने खाल्ले नाही म्हणून पैसे परत मागणाऱ्या पालकांशी मी सहमत नाही, कारण त्याच्या वाटणीचे शिजलेले असतेच. मात्र मूल सलग दोन-तीन दिवस नीट खात नसेल, तर ते आम्हाला त्याच दिवशी सांगावे.

डब्याच्या बाजूने

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मी सर्वांना घरून डबा आणायला सांगते, त्यामुळे खाण्याच्या पैशांचा प्रश्नच उरत नाही, असे मला सुरुवातीला वाटले होते. प्रत्यक्षात पैसे सुटले तरी काम सुटत नाही. शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक बाहेर राहू नये, म्हणून डबे आल्या आल्या फ्रिजमध्ये जातात आणि फ्रिज ५ अंश सेल्सियस किंवा त्याखाली ठेवावा लागतो. दुपारी पाच डबे वेगवेगळे, चांगली वाफ येईपर्यंत गरम करायचे, तेही एकदाच, आणि मग निववून वाढायचे. काढलेले आईचे दूध आले की बाटलीवर नाव आणि दूध काढल्याचा दिवस लिहिलेला हवा, कारण ताजे दूध फ्रिजमध्ये चार दिवसच ठेवता येते.

शिवाय डब्यात काय यावे हे आपल्या हातात नसते. अख्खी द्राक्षे आली तर मी ती उभी चिरून प्रत्येकीचे चार तुकडे करते. अख्खे शेंगदाणे किंवा बदाम लहान मुलांच्या डब्यात आले तर ते परत पाठवते, कारण ते घशात अडकतात. वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवायचा नाही, हे मी दर वर्षी कोणाला ना कोणाला नव्याने सांगते. हे सारे पाहता, डबा घरून येतो म्हणून शुल्क कमी करा असे कोणी म्हटले तर मी नम्रपणे नकार देते.

तुमच्याकडच्या मुलीचा डबा न उघडता परत जातो, त्याला कारण शेजारचे ताट आहे. एक तर सर्वांचे डबे, नाही तर सर्वांचे पाळणाघराचे अन्न, हेच मुलांच्या दृष्टीने बरे पडते.

अकरा वर्षे पाळणाघर

डब्याच्या मुद्द्यात एक भर घालते. ज्या मुलाला दूध, अंडे, गहू किंवा शेंगदाणा यांची ॲलर्जी आहे, त्याच्यासाठी नियमाला मुरड घालावी लागते. त्याचा चालणारा जिन्नस पालकांनी आणून द्यावा, मी तेवढे हिस्से कमी करते, आणि ताट मात्र शक्यतो इतरांसारखेच दिसेल असे वाढते. वेगळ्या पथ्याचा जादा आकार मी लावत नाही. आजारासाठी दंड भरल्यासारखे पालकांना वाटते आणि मग ते ॲलर्जीच लपवू पाहतात, ज्याचा धोका शेवटी आपल्यालाच असतो.

खाणे हा वरखर्च नाही, हे पालकांना समजावताना मला एक गोष्ट उपयोगी पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार ९ ते २३ महिन्यांच्या मुलाला दिवसातून ३ ते ४ वेळा जेवण आणि त्याखेरीज गरजेप्रमाणे १-२ वेळा मधले खाणे द्यावे. मूल नऊ-दहा तास आपल्याकडे असेल, तर त्याचे निम्म्याहून अधिक खाणे आपल्या घरात होते. हे बोटांवर मोजून दाखवले की बहुतेकांचा सूर बदलतो.

पाचजणांची मावशी

सर्वांचे आभार. काल रात्री हिश्शांचा हिशेब मांडला. शाळेतून येणाऱ्या मुलाचे पालक आतापर्यंत त्याच्या वाट्याच्या दुपटीहून अधिक भरत होते, हे पाहून मलाच ओशाळल्यासारखे झाले. त्यांचे शुल्क कमी होईल, इतरांचे थोडे वाढेल. नवी पद्धत दोन महिन्यांनंतरच्या पहिल्या तारखेपासून लागू होईल असे पत्र उद्या प्रत्येकाच्या हाती देते आणि खाड्यांचा नियमही त्यातच लिहिते. त्या वडिलांना दिलेला शब्द या एका वेळेपुरता पाळीन, पत्रात मात्र त्यांचे उदाहरण नसेल.

डबा आणणाऱ्या मुलीच्या आईशी आज बोलले. डबा परत येतो हे तिला ठाऊक होते, पण तो बंद केला तर मी पैसे वाढवीन या धास्तीने ती रोज पहाटे उठून तो भरत होती. उपाशी येणाऱ्या मुलाची आई साडेसहालाच घर सोडते, म्हणून त्याच्या सकाळच्या खाण्याचे दोन हिस्से धरायचे ठरवले आहे आणि हे तिला दारात न सांगता फोनवर सांगणार आहे.