२०११ ची पोर्शे केमन, फक्त ११,८०० किलोमीटर: घ्यावी की सोडावी?

प्रश्न – कोथरूडकर

नमस्कार मंडळी. गेली दहा-बारा वर्षे मनात असलेली एक गोष्ट पुरी करण्याची वेळ आली आहे असे वाटते, पण हातून चूक होऊ नये म्हणून येथे विचारतो आहे. मला जुनी पोर्शे केमन, म्हणजे त्यांची दोन आसनांची स्पोर्ट्स कार, घ्यायची आहे. रोजच्या कामासाठी घरात दुसरी गाडी आहे. ही गाडी रविवारी सकाळी मुळशी-ताम्हिणी आणि वर्षातून तीन-चार वेळा महाबळेश्वर किंवा कोकण एवढ्यासाठीच वापरली जाईल.

सध्या दोन गाड्या समोर आहेत. पहिली बेंगळुरूची, २०११ ची, २.९ लिटर इंजिन, पीडीके (पोर्शेचा दोन क्लचचा स्वयंचलित) गिअरबॉक्स, कर्नाटकाची नोंदणी, मीटरवर ११,८०० किलोमीटर, मागणी ३४ लाख. रंग, सीट, स्टिअरिंगचे चामडे, सगळे नव्यासारखे आहे. सर्व्हिसची वही मात्र २०१५ नंतर कोरी आहे. दुसरी मुंबईची, २०१२ ची, तेच इंजिन व तोच गिअरबॉक्स, ५२,००० किलोमीटर, पुढचा बंपर एकदा रंगवलेला, चालकाच्या सीटची कड झिजलेली. पण मालकाने बिलांची जाडजूड फाइल ठेवली आहे. मागणी ३१ लाख.

मित्रमंडळींचे मत एकमुखाने बेंगळुरूच्या गाडीकडे आहे, कारण ‘गाडी चाललीच नाही तर बिघडेल कशी?’ मला ते पुरते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. शिवाय पोर्शेच्या इंजिनातील आयएमएस बेअरिंग तुटते आणि अख्खे इंजिन जाते असे इतक्या ठिकाणी वाचले आहे की रात्री झोप लागत नाही. जाणकारांनी इंजिन, किलोमीटर, वार्षिक खर्च आणि कागदपत्रे या बाबतीत मार्गदर्शन करावे.

उत्तर – पाना-हातोडी

जर्मन गाड्यांवर सतरा वर्षे काम केलेला माणूस म्हणून लिहितो. सर्वांत आधी ते बेअरिंगचे भूत उतरवू.

आयएमएस म्हणजे इंटरमीडिएट शाफ्ट, अर्थात क्रँकशाफ्टकडून फिरण्याची गती घेऊन ती कॅमशाफ्टच्या साखळ्यांकडे पोहोचवणारा मधला दांडा. १९९६ च्या सुमारास पहिली बॉक्सस्टर (केमनची उघड्या छताची बहीण) आणि पाठोपाठ पोर्शेच्याच ९११ या गाडीची ९९६ ही पिढी आली, तेव्हा या दांड्याच्या एका टोकाला ग्रीस भरून बंद केलेले बॉल बेअरिंग बसवले गेले. कालांतराने त्याच्या सीलमधून इंजिन ऑइल आत झिरपते, ग्रीस धुऊन निघते आणि बेअरिंग त्या अडकलेल्या, जुनाट ऑइलवर फिरू लागते. ते फुटले की साखळीची वेळ चुकते, व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात आणि इंजिन संपते. सुरुवातीच्या गाड्यांत दुहेरी रांगेचे बेअरिंग होते, ते त्यातल्या त्यात टिकाऊ निघाले. सुमारे २००० ते २००५ या काळातील एकेरी रांगेचे सर्वांत बदनाम आहे, आणि अमेरिकेत त्यावरून झालेल्या सामूहिक दाव्यात २०१३ मध्ये तडजोड झाली. त्यानंतर २००८ पर्यंतच्या गाड्यांत मोठे बेअरिंग आले, पण ते बदलायचे तर इंजिनाचे दोन भाग वेगळे करावे लागतात.

आता आपल्या गाडीकडे. २००९ च्या मॉडेलपासून पोर्शेने केमन आणि ९११ यांना पूर्णपणे नवे इंजिन दिले आणि त्यात हा मधला दांडाच नाही. तुम्ही पाहत असलेल्या दोन्ही गाड्या त्यानंतरच्या आहेत, तेव्हा त्या बाबतीत निर्धास्त झोपा. २.९ लिटरची आणखी एक जमेची बाजू फारशी कोणी सांगत नाही. त्याच काळातील ३.४ लिटरच्या केमन एसमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, त्यामुळे उच्च दाबाचा पंप आणि इनटेक व्हॉल्व्हवर साचणारा कार्बन या दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. २.९ मध्ये पेट्रोल जुन्या पद्धतीने व्हॉल्व्हच्या मागे फवारले जाते. २६५ अश्वशक्ती ताम्हिणीला पुरून उरते, आणि चौदा वर्षांच्या गाडीत जितकी गुंतागुंत कमी तितके बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

काळजी करायचीच असेल तर सिलिंडरच्या भिंतींची करा. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा असून भिंतीला ओतीव लोखंडाची बाही नसते. पिस्टन घासून तिथे उभे चरे पडले की ऑइल जळू लागते आणि थंड इंजिन सुरू करताना लयीत टिकटिक ऐकू येते. जुन्या इंजिनांत हे प्रमाण अधिक आहे, पण या पिढीला अजिबात होत नाही असे समजू नका. ९११ मध्ये दोन बाजूंची धुराडी बोटाने पुसून काजळीची तुलना करता येते. केमनचे धुराडे मध्यभागी असल्याने ती सोय नाही. म्हणून सहाही स्पार्क प्लग काढून बोअरस्कोपचा कॅमेरा आत घालून पाहणे हाच खात्रीचा उपाय. प्लग काढलेलेच असतील तर इग्निशन कॉइलही उजेडात धरून पाहा. या इंजिनात सिलिंडर आडवे असल्याने कॉइल खाली, एक्झॉस्टच्या उष्णतेजवळ आणि चाकाने उडणाऱ्या पाण्याच्या टप्प्यात असतात. त्यांच्या प्लास्टिकला केसासारख्या बारीक तडा जातात आणि पहिल्या पावसात इंजिन अडखळू लागते.

किलोमीटरबद्दल तुमच्या मित्रांशी मी अजिबात सहमत नाही. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, ते गाडी चालो वा न चालो, दर दोन वर्षांनी बदलायचे असते. पीडीकेचे ऑइल, कूलंट, प्लग, बेल्ट या सर्वांना किलोमीटरबरोबर वर्षांचीही मुदत असते आणि जे आधी येईल ते पाळायचे असते. उभ्या गाडीचे सील सुकतात, टायर एका जागी दबतात आणि आखूड फेऱ्यांत इंजिन पुरते न तापल्याने ऑइलमध्ये पाणी व पेट्रोल साचत जाते. २०१५ नंतर वही कोरी असेल तर ती गाडी ११,८०० किलोमीटरची नाही, दहा वर्षे उपाशी ठेवलेली आहे. पीडीके हा उत्तम गिअरबॉक्स आहे, पण त्यात बिघाड झाल्यास अनेक वर्षे सुट्या भागांऐवजी अख्खा गिअरबॉक्स बदलण्याकडेच कल होता, हेही ध्यानात ठेवा.

शेवटचे दोन उपद्व्याप जरूर करा. पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांतील जाळीतून टॉर्च मारून पाहा. रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर तिथेच असतात. एका गाडीतून मी वडाची पाने, दोन गुटख्याची पाकिटे आणि एक अर्धवट कुजलेला हातरुमाल काढला होता. खालचे पत्रे ओल्याने गंजून बोटाने चुरत होते. आणि इंजिनाच्या संगणकाला यंत्र जोडून इंजिन एकूण किती तास चालले ते वाचून घ्या. किलोमीटरला तासांनी भागा. मीटर खरे बोलतो का, ते त्यावरून बरेचसे कळते.

उत्तर – दादरचा वाटसरू

मी सहा वर्षे याच पिढीची बॉक्सस्टर बाळगून आहे, म्हणून खर्चाविषयी लिहितो. गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही, हे एक वाक्य आरशावर चिकटवून ठेवण्यासारखे आहे. ३१ लाखांची गाडी घेताना मनाने आपण ३१ लाखांच्या गाडीचे मालक होतो, परंतु ब्रेकच्या चकत्या आणि हेडलाइट आजही नव्या पोर्शेच्याच भावाने येतात. गाडी घेतल्याच्या पहिल्या वर्षासाठी किमतीच्या दहा टक्के रक्कम बाजूला ठेवावी असा माझा स्वतःचा ठोकताळा आहे, आणि मला ती पुरी पडली नव्हती.

विम्याबद्दल विशेष सांगतो, कारण तिथेच मी फसलो. पाच वर्षांहून जुन्या गाडीची विम्यातील किंमत, म्हणजे आयडीव्ही, कंपनी आणि आपण यांच्यात ठरवून घ्यायची असते. एजंट जो आकडा भरेल त्यावर डोळे मिटून सही करू नये. आणि एवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारा विमा, सहसा मिळत नाही. तसे असल्यास प्लास्टिक व रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि गाडी दहा वर्षांवरची असेल तर धातूच्या भागांवरही तेवढाच. आमच्या सोसायटीच्या तळघराच्या उतारावर माझा बंपर घासून फाटला, तेव्हा अर्धा बंपर विम्याचा आणि अर्धा माझा, असा हिशेब झाला. भाग यायला सात आठवडे लागले, ते वेगळेच. घेण्याआधी एकदा ती गाडी आपल्या इमारतीच्या उतारावरून प्रत्यक्ष खाली नेऊन पाहावी.

पेट्रोलचे म्हणाल तर आता सर्वसाधारण पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. मी १०० ऑक्टेनचे, इथेनॉल न मिसळलेले पेट्रोल भरतो. महाग पडते, पण गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत काय उभे राहते याला महत्त्व आहे.

पाना-हातोडी यांच्याशी एका बाबतीत मतभेद नोंदवतो. विकायला जाल तेव्हा आपल्याकडचा गिऱ्हाईक आधी मीटरच पाहतो. कमी किलोमीटरच्या गाडीला जास्त भाव मिळतो, तो योग्य की अयोग्य हा वेगळा प्रश्न.

उत्तर – फॉर्म नंबर तीस

केवळ कागदपत्रांपुरते लिहितो. बेंगळुरूची गाडी घेतल्यास तिथल्या आरटीओकडून फॉर्म २८ वर ना हरकत प्रमाणपत्र, मग पुण्यात नवा क्रमांक आणि फॉर्म २९ व ३० वर नावबदल, गाडीवर कर्ज असल्यास फॉर्म ३५ सह बँकेचे पत्र, असा प्रवास आहे. महाराष्ट्रात आयात गाडीवर कर आहे: दर २० टक्के, मूळ बिलाच्या किमतीवर. जुन्या गाडीला वयानुसार सूट मिळते हे खरे, तरीही आकडा दचकवणारा असू शकतो. कर्नाटकात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण तो अर्ज, तो पाठपुरावा आणि ती वाट पाहणे मूळ मालकाच्या नावावर असते. कराची नेमकी रक्कम आरटीओत काढून घेतल्याशिवाय टोकन देऊ नये.

दुसरे असे की २०११ च्या गाडीची १५ वर्षांची नोंदणी आता संपतच आली आहे. नूतनीकरणासाठी तपासणी, पर्यावरण कर आणि शुल्क आले. २०२२ पासून आयात चारचाकीसाठी हे शुल्क ४०,००० रुपये आहे. मुंबईच्या गाडीलाही हे चुकणार नाही, फक्त एक वर्ष उशिरा येईल.

उत्तर – मँचेस्टरहून

माझ्याकडे २००३ ची बॉक्सस्टर आहे, म्हणजे वर ज्या एकेरी बेअरिंगचा उल्लेख आला तीच. घेतल्यावर क्लच बदलायचा होता. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो आणि बेअरिंग त्याच्याच मागे असते, म्हणून दोन्ही कामे एकत्र उरकली. इथे एक सोय आहे: गाडीचा क्रमांक टाकला की दरवर्षीच्या तपासणीचा निकाल आणि त्या दिवशीचे मीटर सरकारी संकेतस्थळावर कोणालाही दिसते, त्यामुळे मीटर मागे फिरवणाऱ्यांची पंचाईत होते. आपल्याकडे त्याची जागा बिलांची फाइल घेते. मी असतो तर तीन लाख कमी देऊन फाइल घेतली असती.

मूळ प्रश्नकर्ता – कोथरूडकर

सर्वांचे आभार. दोन्ही गाड्या पाहून आलो, म्हणून लिहितो.

बेंगळुरूच्या गाडीचे टायर आधी पाहिले. कडेवर ३८११ असा शिक्का होता, म्हणजे २०११ च्या ३८ व्या आठवड्यात बनलेले, गाडीबरोबर आलेले. खाचा भरपूर खोल, पण खाचांच्या तळाशी जमीन भेगाळावी तशा चिरा. बोअरस्कोपला विक्रेता तयार झाला नाही. ‘नवीन गाडीचे इंजिन कशाला उघडायचे?’ असे त्याचे म्हणणे. संगणक जोडायला मात्र त्याने हरकत घेतली नाही. इंजिनाचे तास निघाले १,३१०. भागाकार केला तर ताशी सरासरी नऊ किलोमीटर. बेंगळुरूची वाहतूक कितीही वाईट म्हटली तरी हे गणित मला जमेना. गाडी तासन्‌तास नुसती चालू करून ठेवत असतील किंवा मीटरचा काही इतिहास असेल. कोणते खरे हे शोधत बसण्याचे मला कारण उरले नाही.

मुंबईच्या गाडीचे तास १,९४०, म्हणजे सरासरी २७ च्या आसपास. सहाही सिलिंडर कॅमेऱ्यातून पाहिले, भिंती स्वच्छ आहेत. डाव्या बाजूच्या दोन कॉइलना तडे निघाले आणि उजव्या रेडिएटरसमोर मूठभर पाला होता, पत्रे शाबूत. फाइलमध्ये पीडीकेच्या ऑइलचे २०२१ चे बिल आहे. मालकाने सहाही कॉइल बदलून २९ लाख ७५ हजारांवर यायचे मान्य केले आहे.

दादरच्या वाटसरूंचे ऐकून गाडी आमच्या इमारतीच्या उतारावर नेण्याची परवानगीही मागितली आहे. ते मात्र मालकाला अजून पटलेले नाही, कारण त्यासाठी गाडी मुंबईहून पुण्याला आणावी लागेल. तेव्हा शनिवारी मीच फूटपट्टी, दोरा आणि मोबाइल घेऊन आधी आमचा उतार मोजणार आणि मग तीच मापे मुंबईला जाऊन गाडीच्या नाकाखाली धरून पाहणार आहे.