पिकअप बदलण्यापूर्वी किलोओहमचा आकडा किती मानावा?

खरजतार:
परवा येथे 'लोखंडी षड्ज' यांनी असे मांडले की कारखान्यातून बसवून आलेले पिकअप (तारांची कंपने विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे चुंबक व गुंडाळी) ही केवळ जागा भरण्याची सोय असते, गिटार घेताच ते काढून टाकावेत, आणि नवे निवडताना डीसी रोधाचा (किलोओहममध्ये मोजलेल्या विद्युतरोधाचा) आकडा जितका मोठा तितका पिकअप दमदार असे समजावे. नवशिक्यांनी त्याखाली आभार मानलेले पाहिले आणि सविस्तर उत्तर दिल्यावाचून राहवले नाही.

रोधाचा आकडा गुंडाळीतल्या (कॉइलमधल्या) तारेची लांबी आणि जाडी सांगतो, आवाज सांगत नाही. 42 गेजच्या (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक) तारेने गुंडाळलेल्या 8 किलोओहमच्या हंबकरला (गुणगुण रद्द करणाऱ्या दोन कॉइलच्या पिकअपला) तितकेच वेढे 44 गेजच्या तारेचे दिले, तर आकडा 12 च्या पुढे जातो आणि तारांची कंपने पकडण्याची ताकद जवळजवळ तितकीच राहते. तांब्याचा रोध तापमानाबरोबर बदलतो हे तर शाळेत शिकलेले आहे. 20 अंशांना 8 दाखवणारा पिकअप 30 अंशांना 8.3 दाखवील. आत प्रीअँप (लहान आवाजवर्धक) असलेल्या अ‍ॅक्टिव्ह पिकअपची या आकड्यावरून तुलना करणे तर निरर्थकच आहे.

आवाजाचा पोत ठरतो तो बराचसा इंडक्टन्स (कॉइलचा चुंबकीय गुण, हेन्रीत मोजतात) आणि केबलची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता, पिकोफॅराडमध्ये मोजतात) यांच्या जोडीने. केबल व इतर सर्व मिळून 500 पिकोफॅराड धरले, तर 2.4 हेन्रीच्या सिंगल कॉइलचे (एकाच कॉइलच्या पिकअपचे) अनुनाद-शिखर, म्हणजे आवाज सर्वाधिक उठतो ती कंपनसंख्या, सुमारे 4,600 हर्ट्झवर येते, 4.5 हेन्रीच्या जुन्या धाटणीच्या हंबकरचे 3,350 च्या आसपास, आणि 8 हेन्रीच्या जोरकस हंबकरचे 2,500 वर. अधिक वेढ्यांनी जोर मिळतो हे खरे, परंतु त्याची किंमत वरच्या स्वरांच्या झळाळीने चुकवावी लागते, आणि त्या लेखनात याचा उल्लेखही नव्हता.

माझा स्वतःचा अनुभव असा. ब्रिज पिकअपचा (घोडीजवळच्या पिकअपचा) आवाज गोणपाटाखाली दाबल्यासारखा येतो म्हणून मी तो बदलला आणि आनंदाने सर्वांना सांगत सुटलो. पण त्याच वेळी मी तारा नव्या चढवल्या होत्या, पिकअपची उंची नव्याने लावली होती आणि हंबकर असूनही आत बसवलेले 250 किलोओहमचे पॉट (आवाज कमी-जास्त करणारे फिरते रोध) काढून 500 चे घातले होते. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि श्रेय एकीलाच दिले. पुढे तीन महिन्यांनी जुना पिकअप त्याच पॉटवर, नव्या तारांसह, त्याच उंचीवर परत बसवला, तेव्हा मूळ तक्रारीचा मोठा भाग नाहीसा झालेला होता. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की आधी तारा, उंची आणि पॉट पाहावेत, मग उरलेला दोष एका वाक्यात लिहून काढावा, आणि ते वाक्य लिहिता आले तरच पिकअप निवडायला बसावे.

लोखंडी षड्ज:
माझे लेखन आपण पूर्ण वाचले नाही, असे खेदाने म्हणावे लागते. मी ते ज्या गिटारविषयी लिहिले, तिचा ब्रिज पिकअप डिस्टॉर्शन चढवताच किंचाळत असे. वर्षभर मला प्रत्येकाने 'उंची कमी करा' हाच सल्ला दिला. उंची कमी केली, मागे स्पंज लावला, अँपपासून दूर उभा राहिलो, तरी तार दाबून धरलेली असतानाही शिट्टी येतच राहिली. अखेरीस उघडून पाहिले, तर गुंडाळीत (वेढे हलू नयेत म्हणून मुरवतात ते) मेण अजिबात मुरवलेले नव्हते आणि वेढे सैल होते. अशा पिकअपला तारा आणि पॉट बदलून काय उपयोग? मी पिकअप बदलला आणि किंचाळणे त्याच संध्याकाळी थांबले. आपली तीन महिन्यांची तपश्चर्या माझ्या कामाची नव्हती.

दुसरे असे की जोर ही काही कमी प्रतीची अपेक्षा नव्हे. डिमार्झिओ कंपनीचा सुपर डिस्टॉर्शन पिकअप 1972 मध्ये आला, तो अँपच्या पहिल्या नळीला (व्हॅक्यूम ट्यूबला) अधिक जोराने ढकलण्यासाठीच. तारा खालच्या सुरात लावून जड वाजवणाऱ्याला 4,600 हर्ट्झची झळाळी नको असते, त्याला सहावी तार तळहाताने दाबल्यावर ठोसा ऐकू यायला हवा असतो. आणि इंडक्टन्सचा आकडा किती उत्पादक छापतात? नवशिक्याच्या हातात किलोओहमच येतो, मग त्याने त्याचाच आधार घेतला तर त्यात त्याचा कोणता अपराध झाला?

मींड:
आपण दोघेही आकड्यांवर भांडत आहात आणि मूळ गोष्ट बाजूला राहते आहे, ती म्हणजे गुंडाळणारा हात. सेठ लव्हर यांनी गिब्सन या गिटार कंपनीसाठी हंबकर तयार केला, 1955 मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि 1959 मध्ये ते मिळाले. त्या सुमाराच्या, 'पेटंट अप्लाइड फॉर' (पेटंटसाठी अर्ज केलेला) अशी चिठ्ठी लावलेल्या पिकअपची आज जी ख्याती आहे, ती उगीच नाही. त्यांतला प्रत्येक नग वेगळा होता. दोन कॉइलचे वेढे सारखे नसत, चुंबकही कधी अल्निको (चुंबकाचा मिश्रधातू) 2, कधी 4, कधी 5 असे असत. आज यंत्रे मोजून, रांगेत, एकावर एक वेढे घालतात आणि त्यातून जे निघते ते निर्जीव असते.

माझा एक जळालेला पिकअप एका कारागिराने बोटांनी तार धरून, विस्कळीत वेढे देत पुन्हा गुंडाळून दिला. त्या दिवसापासून त्या गिटारला स्वतःचा गळा आला आहे. माझ्या मते प्रश्न कोणता पिकअप घ्यावा हा नाही, तो कोणी गुंडाळला हा आहे.

खरजतार:
मींड, त्या काळातील वेढे असमान होते, कारण ठरावीक संख्येवर आपोआप थांबण्याची सोय गुंडाळणाऱ्या यंत्रांना नव्हती. लक्षात घ्यावे की यंत्रे तेव्हाही होती, हाताने तार गुंडाळण्याचा तो काळ नव्हता. असमानतेतून काही नग अप्रतिम झाले आणि काही मंद झाले, परंतु आपल्यापर्यंत कीर्ती पोहोचते ती पहिल्यांचीच.

एक गोष्ट मान्य करतो, कारण ती खरी आहे. दोन कॉइलचे वेढे वेगवेगळे असले, तर एकमेकांना रद्द करण्याची क्रिया अपुरी राहते आणि वरच्या स्वरांत थोडी मोकळीक ऐकू येते, त्याबरोबर थोडी गुणगुणही. मात्र हे यंत्रावरही मुद्दाम करता येते आणि अनेक उत्पादक करतात.

विस्कळीत वेढ्यांमुळे कॉइलची स्वतःची धारिता कमी होते, हा नेहमीचा युक्तिवाद येण्याआधीच उत्तर देतो. ती धारिता मुळात साधारण 100 पिकोफॅराडच्या घरात असते आणि गिटारची केबल दर मीटरला तितकीच भर घालते. म्हणजे कारागिराने बोटांनी जे काही मिळवले, ते केबल एक मीटरने अधिक लांब घेतली की संपले.

मींड:
हे आपण मोजपट्टी हातात घेऊन बोलत आहात, कानाने नाही. तो पिकअप आपण ऐकलेला नाही, तो कारागीर आपल्याला ठाऊक नाही, आणि तरीही 'संपले' असा निर्णय आपण एका ओळीत देऊन टाकलात! मी तीस वर्षे वाजवतो आहे. बोट तारेवर किती हलके टेकले हे जो पिकअप सांगतो आणि जो सांगत नाही, त्यांतला फरक मला कळतो. ज्या माणसाने रात्रभर बसून ती गुंडाळी केली, त्याच्या कामाची किंमत एक मीटर केबल ठरवणे मला अपमानास्पद वाटते.

खरजतार:
अपमान करण्याचा हेतू नव्हता. 'संपले' हा शब्द मागे घेतो, गणित मागे घेत नाही. जळालेला पिकअप आणि नव्याने गुंडाळलेला पिकअप यांत वेढ्यांची संख्या, तारेचे गेज, कदाचित चुंबकाची ताकद, सर्वच बदलले असणार. मग श्रेय केवळ विस्कळीतपणाला कसे देता येईल? मी चार बदलांचे श्रेय एकाला दिले होते, तीच चूक आपण करत आहात. आपल्याकडे 3 मीटरची आणि 6 मीटरची अशा दोन केबल असतील, तर तोच पिकअप दोन्हींवर वाजवून पाहा, एवढीच विनंती आहे.

लोखंडी षड्ज:
माझ्या शिट्टीविषयी मात्र कोणी एक अक्षर बोललेले नाही. चर्चा माझ्या लेखनावर सुरू झाली आणि आता 1955 सालात जाऊन बसली आहे.

तंतुकार:
लोखंडी षड्ज यांची तक्रार रास्त आहे. मी गिटारदुरुस्ती करते, आणि माझ्या टेबलावर जी गिटार येते तिचा मालक हाताची गुंडाळी की यंत्राची हे विचारत नाही. तो म्हणतो, 'नवा पिकअप बसवला आणि आवाज पोकळ झाला.' त्यामागची कारणे इतकी ठरलेली आहेत की त्यांवर दोनशे प्रतिसाद झाले पाहिजेत, वेढ्यांवर नव्हेत.

पहिले कारण पिकअपमधून निघणाऱ्या जोडणीच्या तारांचे रंग. चार तारांच्या हंबकरमध्ये सीमोर डंकन काळी तार सिग्नलसाठी आणि हिरवी अर्थसाठी (भूसंपर्कासाठी) ठेवतात, लाल व पांढरी जोडून ठेवायची असतात. डिमार्झिओ लाल सिग्नलसाठी ठेवतात, अर्थ हिरवीच, आणि काळी व पांढरी जोडायची असतात. एकाची आकृती पाहून दुसऱ्याचा पिकअप जोडणारे मला दर महिन्याला भेटतात. जोडणी बरोबर असली तरी दोन वेगळ्या उत्पादकांचे पिकअप एकत्र लावताच फेज (दोन सिग्नलांच्या चढउताराची दिशा) उलटू शकते, खर्ज नाहीसा होतो, आणि मालक चुंबकाला दोष देतो. टेलिकास्टर गिटारच्या नेक पिकअपचे (मानेजवळच्या पिकअपचे) धातूचे आवरण अर्थच्याच तारेला जोडलेले असते. आवरणाची तार वेगळी न करता फेज उलटवली, तर ते आवरण सिग्नलवर येते आणि हात लागताच घरघर सुरू होते.

त्यानंतर वाजवण्याच्या तारांमधले अंतर. जुन्या मापाच्या हंबकरमध्ये दोन टोकांच्या ध्रुवांतले (तारांखालच्या स्क्रूंतले) अंतर सुमारे 49 मिलीमीटर असते, ट्रेमोलो (दांड्याने हलणाऱ्या) ब्रिजच्या गिटारला 51 ते 53 लागते. यामुळे आवाज किती बिघडतो यावर मी वाद घालणार नाही, पण विकत घेण्यापूर्वी मोजपट्टी लावायला काय हरकत आहे? अ‍ॅक्टिव्ह पिकअप घेणाऱ्यांनी 25 किलोओहमचे पॉट आणि 9 व्होल्टच्या बॅटरीची जागा आधी पाहावी, कारण जुन्या 500 च्या पॉटवर ते नीट चालत नाहीत.

आता मूळ वादाविषयी. खरजतार, आपली यादी चांगली आहे, पण अपुरी आहे. शिट्टी, गुणगुण, धूसरपणा आणि किरटेपणा हे चार वेगळे आजार आहेत. शिट्टी मेणाने जाते किंवा पिकअप बदलून जाते, उंचीने बहुधा जात नाही. गुणगुण ही सिंगल कॉइलची प्रकृतीच आहे, ती नको असेल तर त्याच आकाराचे दोन कॉइलचे पिकअप मिळतात. धूसर नेक पिकअप मात्र मी क्वचितच बदलायला सांगते. खर्जाची बाजू खाली उतरवते, ध्रुवांचे स्क्रू थोडे वर घेते, आणि अर्धे लोक तेवढ्यावर समाधानाने परत जातात. अल्निको 5 चे दांडे तारांच्या फार जवळ असले, तर चुंबक तारेला ओढतो, जाड तारेवर स्वर डगमगतो, आणि लोक ब्रिज फिरवून इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरचा सुरेलपणा) दुरुस्त करत बसतात. शेवटच्या फ्रेटवर तार दाबावी आणि तार व पिकअप यांत दोन ते तीन मिलीमीटर अंतर ठेवून सुरुवात करावी.

खरजतार:
मेण न मुरवलेल्या पिकअपचा विचार मी केला नव्हता, हे मान्य करतो. माझा नियम तेथे लागू पडत नाही. लोखंडी षड्ज यांनी वर्षभर जो सल्ला ऐकला तोच मी पुन्हा दिला, ही चूक झाली. 'घेताच काढून टाकावेत' या वाक्याला मात्र माझा विरोध कायम आहे.

लोखंडी षड्ज:
उशिरा का होईना, मान्य केलेत. मीही एक सांगतो. काल रात्री मोजले, तेव्हा नेक पिकअपची खर्जाची बाजू तारेपासून जेमतेम 1 मिलीमीटरवर होती. ती उतरवली आणि बाराव्या फ्रेटवरचा डगमगणारा स्वर थांबला. तोही पिकअप मी काढणार होतो, आता काढणार नाही. किलोओहमविषयीचे वाक्य माझ्या लेखनातून काढतो. जोराविषयीचे काढणार नाही.

दुसऱ्या एका गिटारच्या ब्रिजसाठी पिकअप निवडतो आहे. उत्पादकाला विचारले, तेव्हा इंडक्टन्स 4.4 हेन्री, चुंबक अल्निको 5, मेण मुरवलेले, असे उत्तर आले. विचारले की सांगतात, हे मला ठाऊक नव्हते.

तंतुकार:
रंगांची आकृती त्याच उत्पादकाची घ्या. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि तारा न कापता सैल करा, म्हणजे तारा त्याच राहतील. जुना पिकअप काढण्याआधी आणि नवा बसवल्यावर, दोन्ही एकाच अँपवर, एकाच केबलने ध्वनिमुद्रित करून ठेवा, कारण डाख देण्यात अर्धा तास गेला की कानाची आठवण भरवशाची राहत नाही.

मींड:
6 मीटरची केबल लावून पाहिली. वरचा स्वर मिटला, हे नाकारत नाही. 3 मीटरची पुन्हा लावली, तेव्हा गळा परत आला. तो पिकअप मी बदलणार नाही, आणि ज्याने तो गुंडाळला त्याचे नाव विचारणाऱ्याला आनंदाने सांगेन.