मदत हवी आहे : दोन चाचण्या, दोन बुद्ध्यांक, अहवाल कसा वाचावा?

माझा पुतण्या मराठी माध्यमाच्या शाळेत इयत्ता पाचवीत आहे. वाचन आणि लेखन या दोन्हींत तो वर्गाच्या बराच मागे आहे. तोंडी घातलेले गणित तो चटकन सोडवतो, परंतु तेच उदाहरण छापील स्वरूपात समोर आले की अडतो. ‘घरी’ हा शब्द तो ‘धरी’ असा वाचतो, जोडाक्षरे गाळतो आणि फळ्यावरून उतरवून घेताना त्याच्या ओळीच्या ओळी सुटतात. अध्ययन अक्षमता आहे का हे तपासून घ्यावे, असे शाळेने सुचवल्यावरून त्याच्या दोन ठिकाणी बुद्धिमत्ता चाचण्या झाल्या आणि त्या दोन अहवालांनी आम्हा घरच्यांना बुचकळ्यात टाकले आहे.

पहिली चाचणी बिने-कामत होती. त्या वेळी त्याचे वय १० वर्षे १ महिना होते. मानसिक वय, म्हणजे त्याची कामगिरी ज्या वयाच्या मुलांसारखी आहे ते वय, ९ वर्षे ६ महिने आले आणि बुद्ध्यांक ९४, म्हणजे ‘सरासरी’ असा शेरा मिळाला. काही महिन्यांनी दुसऱ्या एका खासगी केंद्रात मिसिक ही चाचणी झाली. तिच्यात शाब्दिक बुद्ध्यांक ७४, कृतियुक्त बुद्ध्यांक ९२ आणि एकूण ८३ असे आकडे आले. हा दुसरा अहवाल जेमतेम एक पानाचा आहे, त्यात उपचाचण्यांचे गुण दिलेले नाहीत आणि खुलासा विचारला असता ‘मुलाची कुवत बेताची आहे, अपेक्षा कमी ठेवा’ एवढेच उत्तर मिळाले. त्या चाचणीत शब्दांचे अर्थ आपल्याला हिंदीतून विचारले गेले, असे पुतण्याने घरी सांगितले.

माझे प्रश्न असे आहेत. एकाच मुलाचा बुद्ध्यांक काही महिन्यांत ११ गुणांनी खाली येऊ शकतो का? न येत असल्यास कोणता आकडा खरा मानावा? अध्ययन अक्षमतेच्या शासकीय प्रमाणपत्रासाठी बुद्ध्यांक ८५ ची अट असते असे ऐकले आहे. मग ८३ मुळे त्याचा मार्ग बंद होतो का? शेवटचा प्रश्न संकोचानेच विचारतो. परिचयातील एकाने बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणारी चाचणी सुचवली आहे, तिचा काही उपयोग होईल का?

प्रतिसाद :

मी चिकित्सा मानसशास्त्राच्या क्षेत्रात काम करते. मुलाला न पाहता निदान करणे योग्य नव्हे, त्यामुळे फक्त अहवालाच्या वाचनाविषयी लिहिते.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे आहे. बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता किंवा कल सांगण्याला कोणताही शास्त्रीय आधार नाही. तो खर्च करू नये.

आता ९४ आणि ८३. कोणत्याही मानसशास्त्रीय चाचणीचा गुण हा नेमका बिंदू नसतो, त्याच्या दोन्ही बाजूंना त्रुटीचा पट्टा असतो आणि तो पट्टा किती रुंद आहे हे चाचणीच्या विश्वसनीयतेवर, म्हणजे पुन्हा घेतल्यास गुण कितपत सारखे येतात यावर, ठरते. समजा, विश्वसनीयता ०.९१ आहे, जी चांगलीच म्हणावी लागेल, आणि प्रमाण विचलन, म्हणजे मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरतात याचे माप, १५ आहे. मोजमापाची प्रमाण त्रुटी ४.५ येते आणि ९५ टक्के खात्रीचा पट्टा सुमारे ९ गुण वर व ९ गुण खाली इतका पसरतो. म्हणजे ८३ चा अर्थ ७४ ते ९२ आणि ९४ चा अर्थ ८५ ते १०३. हे दोन पट्टे ८५ ते ९२ या भागात एकमेकांवर चढतात. दोन गुणांमधील फरकाची त्रुटी तर याहूनही मोठी असते. या हिशेबाने १२ गुणांपर्यंतचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. तेव्हा मुलाची बुद्धी ११ गुणांनी घसरली, असा निष्कर्ष या दोन आकड्यांवरून निघत नाही.

शिवाय हे दोन आकडे एका मापाचे नाहीत. बिने-कामत चाचणीत मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागून १०० ने गुणतात. आपल्या पुतण्याच्या बाबतीत ११४ महिने भागिले १२१ महिने, म्हणून ९४. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वेक्स्लर यांनी ही भागाकाराची रीत बाजूला ठेवली आणि मूल समवयस्कांच्या सरासरीपासून किती अंतरावर आहे हे मोजले. मिसिक ही वेक्स्लर यांच्या बालकांसाठीच्या चाचणीचे भारतीय रूपांतर आहे. ती नागपूरला डॉ. मालिन यांनी १९६९ साली सिद्ध केली.

मानकांचे, म्हणजे ज्या मुलांच्या गुणांशी तुलना केली जाते त्या तक्त्यांचे, वय हाही दुर्लक्षून चालणारा मुद्दा नाही. व्ही. व्ही. कामत यांनी १९१६ च्या स्टॅनफर्ड-बिने या अमेरिकी बुद्धिमत्ता चाचणीवरून मुंबई-कर्नाटक भागातील मराठी व कन्नड मुलांसाठी आपली आवृत्ती तयार केली, ती १९३० च्या दशकात. बुद्धिमत्तेचे संशोधक जेम्स फ्लिन यांनी दाखवून दिले आहे की पिढ्यांगणिक मुले जुन्या मानकांवर अधिकाधिक गुण मिळवतात, त्यामुळे जुन्या चाचणीवरचा आकडा थोडा फुगलेला असण्याचा संभव असतो. मिसिकची मानकेही जुनीच आहेत, फक्त तुलनेने कमी. थोडक्यात, ९४ हा आकडाही डोळे झाकून कवटाळावा असा नाही.

तरीही मला ८३ विषयी अधिक शंका आहे आणि तिचे कारण ७४ व ९२ यांच्यातील १८ गुणांच्या दरीत आहे. मिसिकमध्ये एकूण बुद्ध्यांक या दोहोंच्या सरासरीतून येतो. शाब्दिक भागात सामान्य माहिती, आकलन, अंकगणित, साम्य, शब्दसंग्रह आणि अंकस्मरण यांचा समावेश असतो. कृतियुक्त भागात चित्रातील उणीव ओळखणे, लाल-पांढऱ्या ठोकळ्यांनी आकृती जुळवणे, वस्तूचे तुकडे जोडणे अशी कामे असतात. मराठी माध्यमाच्या मुलाला शब्दांचे अर्थ हिंदीतून विचारले तर शाब्दिक गुण बुद्धीचा राहत नाही, काही अंशी हिंदीचा होतो. सप्रमाणता म्हणतात ती हीच : जे मोजायचे म्हणून बसलो, तेच मोजले गेले का? मिसिक मराठीतही घेता येते, त्यामुळे या अडचणीला सबब नाही.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. ज्या मुलाला वाचता येत नाही ते वर्षानुवर्षे कमी वाचते, म्हणून त्याची सामान्य माहिती आणि शब्दसंग्रह मागे पडतो. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना ऐकलेले अंक उलट क्रमाने म्हणणेही बहुधा जड जाते. परिणामी जी अडचण शोधायची आहे तीच बुद्ध्यांक खाली ओढते आणि मग कमी बुद्ध्यांकाकडे बोट दाखवून तिचे निदान नाकारले जाते. सरसकट एक अट लावण्यातला हा दोष मला नेहमी खटकतो. म्हणून उपचाचणीनिहाय गुण मागून घ्या. ठोकळ्यांत १०० च्या आसपास आणि अंकस्मरणात ७० च्या आसपास असे चढउतार असतील, तर ८३ ही सरासरी त्या मुलाविषयी फारसे काही सांगत नाही.

८५ च्या अटीबाबत सांगायचे तर, दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि २०२४ पर्यंत लागू असलेल्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आधी बुद्ध्यांक, तो ८५ च्या वर असल्यास बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणीमाला, असा क्रम होता. परंतु प्रमाणपत्रासाठीचे मूल्यमापन शासकीय रुग्णालयातील मंडळ स्वतः करते. खासगी केंद्राच्या कागदाने तो मार्ग बंद होत नाही. चाचणी मराठीतून व्हावी, असा लेखी अर्ज आधीच द्यावा.

प्रश्नकर्ता :

सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. उपचाचण्यांचे गुण मागण्यासाठी केंद्राला पत्र देत आहोत. एक शंका उरते : मिसिक लगेच पुन्हा घेतल्यास चालेल का?

प्रतिसाद :

लगेच नको. तेच ठोकळे आणि तेच प्रश्न पुन्हा समोर आले की सरावाने गुण वाढतात, विशेषतः कृतियुक्त भागात, आणि मग तिसरा आकडाही वादग्रस्त ठरतो. साधारणपणे वर्षभराचे अंतर ठेवतात. मंडळाकडे जाताना आधीची चाचणी कधी व कोणत्या भाषेत झाली हे अवश्य सांगा आणि दोन्ही अहवाल सोबत न्या. चाचणी घेणारी व्यक्ती भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणीकृत असल्याची खात्री करा; अहवालावर नोंदणी क्रमांक असायला हवा. वाचनाचे उपचारात्मक अध्यापन मात्र प्रमाणपत्रासाठी थांबवू नका, ते याच महिन्यात सुरू करता येईल.