मदत हवी आहे: अहमदाबादच्या तटबंदीतल्या जुन्या शहरात निवांत दोन रात्री

शिंपला: आम्ही अहमदाबादला दोन रात्रींसाठी जाणार असून आम्हाला केवळ तटाच्या आतले जुने शहर सावकाश पाहायचे आहे. तटावरून फेरी मारायची झाल्यास कोणत्या दरवाजापासून सुरुवात करावी आणि मुक्काम आत करावा की नदीपलीकडे, एवढेच कृपया सांगावे. तीन दिवस शोधतो आहे, पण सगळीकडे वीस-वीस ठिकाणांच्या याद्याच मिळतात. आरक्षण आज रात्रीच करायचे आहे, म्हणून उत्तर लवकर मिळावे.

गवाक्ष: कधी जाणार, सोबत कोण आहे आणि चालण्याची सवय किती, हे आपण लिहिलेलेच नाही. तोवर पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो: फेरी मारण्याजोगा तट आता उरलेला नाही. अहमदशहाने १४११ मध्ये शहर वसवले, त्याचा नातू महमूद बेगडा याच्या काळात सुमारे १० किलोमीटरचा तट उभा राहिला आणि विसाव्या शतकात रस्ते वाढवताना तो बहुतेक पाडला गेला. दिल्ली, दरियापूर, रायपूर, आस्टोडिया असे दरवाजे अजून उभे आहेत, परंतु त्यांच्या चहूबाजूंनी वाहने धावत असतात. दरवाजे मोजत हिंडलात, तर दिवस रस्ता ओलांडण्यातच जाईल. या शहराचा जीव पोळांमध्ये आहे. पोळ म्हणजे एका मोठ्या दरवाजाच्या आत वसलेली गल्ल्यांची वस्ती. मध्ये पाखरांना दाणे घालण्याचा चबुतरा, लाकडी कोरीवकामाची घरे आणि अनेक घरांच्या चौकाखाली पावसाचे पाणी साठवण्याचे टाके.

पायवाट: मग सरळ महापालिकेच्या सकाळच्या हेरिटेज वॉकला जा. हा उपक्रम १९९७ पासून चालू आहे. काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत पोळांमधून नेतात आणि जाणकार वाटाड्या असल्यामुळे आपण एकटे फिरताना जे नजरेतून सुटते ते सगळे दिसते. मी दोनदा केला आहे आणि याहून चांगला मार्ग नाही असे माझे ठाम मत आहे.

गवाक्ष: आपल्या मताचा आदर राखूनही असहमत आहे. दोन तासांहून अधिक काळ गटाबरोबर न थांबता चालणे म्हणजे निवांतपणा नव्हे. प्रश्नकर्त्यांनी हाच एक शब्द मुद्दाम लिहिला आहे.

पायवाट: एकट्याने गेल्यास कवी दलपतराम चौकाजवळचे घर कोणाचे, किंवा एका पोळातून दुसऱ्यात नेणारी गुप्त वाट कोणती, हे कोण सांगणार? थकवा आला तर मधूनच रिक्षाने परतता येते.

कशिदा: शाहीबागेतले कॅलिको वस्त्रसंग्रहालय मात्र अजिबात चुकवू नका. आधी नोंदणी करावी लागते आणि मोजक्याच लोकांना प्रवेश असतो, म्हणून आजच प्रयत्न करा.

शिंपला: शाहीबाग तटाबाहेर आहे आणि मी वस्त्रांविषयी विचारलेले नाही. सोबत आई आहे, हे लिहायचे राहिले. तिचे वय ७१ असून एक गुडघा दुखतो. सपाट रस्त्यावर अर्धा तास चालते, जिने मात्र जमत नाहीत. १३ जानेवारीच्या संध्याकाळी पोहोचून १५ला निघायचे आहे. पोळातल्या एका जुन्या हवेलीत खोली पाहून ठेवली आहे.

पतंगदोर: हे आधी लिहायला हवे होते. १४ आणि १५ जानेवारीला तिथे उत्तरायण, म्हणजे पतंगांचा उत्सव असतो. पोळांमधल्या गच्च्या भाड्याने दिल्या जातात, पहाटेपासून आरडाओरडा आणि ध्वनिक्षेपक सुरू होतात, रस्त्यावर तुटलेला मांजा लोंबत असतो. मला तो उत्सव मनापासून प्रिय आहे, पण त्याची सारी गंमत गच्चीवर आहे आणि आपल्या आईंना जिना चढता येत नाही. दहा-बारा दिवस पुढे जा. थंडी तेव्हाही सुखद असते.

गवाक्ष: पूर्ण सहमत. मुक्काम मात्र आतच करावा, कारण जुने शहर सकाळी आठच्या आधी आणि दिवेलागणीनंतरच शांतपणे भेटते आणि भर दुपारी खोलीवर येऊन पडता आले पाहिजे. हवेलीत तळमजल्याची खोली आहे का, हे दूरध्वनी करून विचारा. तिथले लाकडी जिने अरुंद आणि खडे असतात. रिक्षा कुठपर्यंत येते तेही विचारा. मेट्रोचे घीकांटा स्थानक तटाच्या आत आहे.

आईंसाठी एकच रेषा धरा: भद्र किल्ला, तीन दरवाजा, जामा मशीद, माणेक चौक. हे सारे एक किलोमीटरच्या आत आणि सपाटीवर आहे. १४२४च्या जामा मशिदीत २६० खांब आहेत. अंगणाच्या कडेला सावलीत अर्धा तास बसलात, तर खांबांमधून सरकणारे ऊन दिसेल. माणेक चौकात दिवसा सोन्याचांदीचा व्यापार चालतो आणि रात्री खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात, म्हणून तिथे दोनदा जावे. १५७३ची सिदी सैयद मशीद तिच्या कोरीव दगडी जाळीसाठी पाहावी. तिथवर रिक्षा करावी.

पायवाट: आई सोबत असतील तर मीही माझा आग्रह सोडतो. पण तीन दरवाजापाशी घाई करू नका. मराठ्यांचा सुभेदार चिमणाजी रघुनाथ याने १८१२ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा द्यावा असा हुकूम काढला आणि तो देवनागरीत कोरलेला शिलालेख या दरवाजावर आहे. हुकूम मोडणाऱ्या हिंदूला महादेवापुढे आणि मुसलमानाला अल्लापुढे जाब द्यावा लागेल, असेही त्यात बजावले आहे. भोवतीच्या फेरीवाल्यांमुळे तो सहज नजरेतून सुटतो.

शिंपला: हे मला मुळीच ठाऊक नव्हते. आजोबांच्या घरातला हिस्सा मागण्यासाठी आईला अनेक वर्षे न्यायालयात खेपा घालाव्या लागल्या, त्यामुळे तो शिलालेख तिला तिच्या पायांनी जाऊन वाचू देणार आहे. २८ जानेवारीपासूनच्या दोन रात्री तळमजल्याच्या खोलीसह आरक्षित केल्या आहेत. सर्वांचे आभार, सुरुवातीचा उतावळेपणा क्षमस्व.

गवाक्ष: तिथे दुपार होऊ देऊ नका. ऊन चढण्याआधी बाजारही पुरता उघडलेला नसतो आणि मान वर करून वाचायला आईंना मोकळी जागा मिळेल. त्या दिवसांत शुक्रवार येत असल्यास जामा मशिदीत दुपारच्या नमाजाची वेळ टाळून जावे.