लाकडी खोक्यात अ‍ॅम्प्लिफायर बसवायचाय, चिप कोणती घेऊ?

खटपट्या (धागाकर्ता)
जुन्या कपाटाचा सागवानी खण हाताशी आहे, त्यात अ‍ॅम्प्लिफायर बसवायचाय. स्पीकर बुकशेल्फ, ८ ओहमचे. खोली लहान. बजेट अगदी मोजकं, खोकं फुकट म्हणूनच हा घाट घातलाय. टीडीए २०३०ए या अ‍ॅम्प्लिफायर चिपचे दोन बोर्ड आणि १२-०-१२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर पडून आहे. तेच वापरू की दुसरं काही घेऊ? लाकडामुळे काय अडचण येईल?

नळीप्रेमी
चिपच्या भानगडीत पडूच नका. ईएल ८४ या काचेच्या व्हॉल्व्हच्या जोडीचा पुश-पुल (आळीपाळीने काम करणारा) अ‍ॅम्प करा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र उत्तम घ्या, तिथे हात आखडू नका. लाकडावर व्हॉल्व्ह शोभतातही.

खटपट्या
बजेट वाचलंत ना?

नळीप्रेमी
वाचलं. मग थांबा थोडे दिवस. मीही थांबलो होतो.

डायोडराव
एलएम ३८८६ चिप, डोळे झाकून. ±२८ व्होल्टवर ८ ओहमला ३८ वॉट, ४ ओहमला ६८. माझा आजतागायत गरमसुद्धा झालेला नाही.

करंटवाला
गरम होत नसेल तर आवाज लावतच नसाल. या चिप क्लास एबी प्रकारच्या, त्यांची कार्यक्षमता कागदावरसुद्धा ७८.५ टक्क्यांच्या वर जात नाही, उरलेली उष्णता जाणार कुठे? लाकूड ती बाहेर टाकत नाही. हीटसिंक (उष्णता सोडणारा पंखांचा धातूचा तुकडा) खोक्याच्या बाहेर, मागच्या बाजूला, पंख उभे ठेवून लावा. आत ठेवणारच असाल तर तळाला आणि वर दोन्हीकडे भोकं हवीत. नुसती वरची काही कामाची नाहीत.
सगळ्यात सोपं म्हणजे टीपीए ३११६ या चिपचा तयार बोर्ड आणि लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर. ८ ओहमला चॅनलमागे वीसेक वॉट मिळतील, आणि मेन्स (घरची वीज) खोक्यात येतच नाही.

वाचनमात्र
+१, टीपीए ३११६.

सुतारपक्षी
चिपमधलं मला कळत नाही, लाकडाचं सांगतो. खणाची फळी जाड असणार. व्हॉल्यूमच्या पॉटचे (आवाज कमी-जास्त करणाऱ्या फिरत्या भागाचे) आटे तेवढे लांब नसतात, नट बसणारच नाही. आतून खोबण कोरून तिथे फळी पातळ करा, नाहीतर पॉट अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवा. सागवान हवेप्रमाणे रुंदीत फुगतं-आकसतं, म्हणून मागच्या पत्र्याची भोकं गोल नको, लांबट ठेवा. आणि कोणी एमडीएफ सुचवायच्या आत सांगून ठेवतो, त्याच्या कडेला मारलेला स्क्रू एकदा काढला की पुन्हा नीट धरत नाही.

डायोडराव
माझं खोकं एमडीएफचंच आहे. काही झालेलं नाही.

सुतारपक्षी
उघडून बघा एकदा.

शून्यग्राउंड
मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. धातूचं खोकं शील्डचं (बाहेरची गुणगुण अडवण्याचं) काम करतं, लाकूड करत नाही. पॉटला हात लावला की गुणगुण वाढते ती त्यामुळेच. पॉटची बॉडी ग्राउंडला जोडा, इनपुटला शील्डेड वायर घ्या. ट्रान्सफॉर्मर एका टोकाला, इनपुट दुसऱ्या टोकाला. एसीच्या तारांना पीळ द्या. ग्राउंड सगळे एकाच बिंदूवर आणा. ५० हर्ट्झची मंद गुणगुण आली तर ती बहुधा बाहेरून उचललेली, १०० ची खरखरीत गुरगुर असेल तर फिल्टर कपॅसिटर आणि ग्राउंडिंग तपासा.
मेन्स आत आणणार असाल तर ट्रान्सफॉर्मरच्या आधी फ्यूज हवाच, आणि हात लागेल असा प्रत्येक धातूचा भाग अर्थिंगला. खोकं लाकडी आहे म्हणून अर्थिंग वगळलेला अ‍ॅम्प मी दुरुस्त केलाय. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलेलं आणि हीटसिंकला हात लावला की झटका.

वाचनमात्र
आतून तांब्याची टेप लावा, शील्ड होईल.

शून्यग्राउंड
ग्राउंडला जोडली तर होईल. चुंबकीय गुणगुणीवर मात्र उपयोग नाही, तिथे अंतरच ठेवावं लागतं.

नळीप्रेमी
टोरॉइडल (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर घ्या मग. विखुरलेलं क्षेत्र कमी असतं.

करंटवाला
पुन्हा बजेट!

खटपट्या
सगळ्यांचे आभार. घरचेच बोर्ड आणि घरचाच ट्रान्सफॉर्मर लावतोय. अडॅप्टरचं म्हणणं पटलं, पण मला सोल्डरिंग करायचंय, तयार बोर्डाला चार तारा जोडायच्या नाहीत. मागे अ‍ॅल्युमिनियमचा जाड पत्रा, त्यावरच हीटसिंक, अर्थिंग तिथेच.

डायोडराव
पस्तावाल. निदान १२-०-१२ चे डीसी केल्यावर किती व्होल्ट होतात ते मोजा. ±१७ च्या आसपास, लोड नसताना त्याहून वर. साध्या २०३० ची कमाल मर्यादा ±१८ आहे, २०३०ए ची ±२२. चिपवरचं शेवटचं अक्षर नीट वाचा. आणि चिपचा टॅब (मागची धातूची पट्टी) ऋण सप्लायला जोडलेला असतो, हीटसिंकपासून वेगळा ठेवणारा मायका वॉशर विसरू नका.

खटपट्या
भिंगातून पाहिलं. एकावर ए आहे, दुसऱ्यावर नाही.

डायोडराव
बघा!

खटपट्या
दुसरी ए घेतो आणि कामाला लागतो.

नवा_सभासद
धागा पूर्ण वाचला नाही, पण टीपीए ३११६ घ्या.